गाडीच्या दारातले काचेचे मशीन बदलताना

बटण दाबल्यावर दारातून नुसती गुरगुर ऐकू येते आणि काच जागची हलत नाही, किंवा तिरकी होऊन दाराच्या पोटात जाऊन बसते, तेव्हा मोटर शाबूत आहे आणि काच वर-खाली नेणारी यंत्रणा मोडली आहे, असे बहुतेक वेळा समजावे. गॅरेजमध्ये ज्याला सरसकट ‘काचेचे मशीन’ म्हणतात ती हीच यंत्रणा. मात्र बटण दाबूनही दार अगदी गप्प राहत असेल, तर नव्या मशीनवर पैसे घालण्याआधी फ्यूज, बटण आणि दार व खांब यांच्यामधल्या रबरी नळीतून जाणाऱ्या वायरी तपासाव्यात. दार रोज उघडून-मिटून त्या नळीतली वायर आतल्या आत तुटते आणि वरचे आवरण मात्र धडधाकट दिसते. दार पूर्ण उघडून एकदा आणि अर्धवट मिटून एकदा बटण दाबावे. एका स्थितीत काच चालली आणि दुसऱ्या स्थितीत थांबली, तर दोष वायरीचा आहे.

अलीकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत केबलचे मशीन असते. मोटरच्या तोंडाशी प्लॅस्टिकची चक्री, तिच्यावर गुंडाळलेली बारीक पोलादी केबल, पत्र्याच्या उभ्या पट्टीच्या दोन्ही टोकांना पुल्या आणि पट्टीवरून सरकणारा प्लॅस्टिकचा स्लायडर, ज्याला काच बोल्टने जोडलेली असते, इतकाच हा संसार. आधी मोडतो तो बहुधा स्लायडर किंवा पुली. मग सैल पडलेली केबल चक्रीवरून उतरते आणि गुंता होऊन बसते. काही गाड्यांत, विशेषतः जुन्या, कात्रीसारख्या हातांचे मशीन असते. त्याचा एक धोका पुढे सांगितला आहे.

आता प्लॅस्टिक का मोडते, हे पाहणे आवश्यक आहे, कारण याच ठिकाणी बहुतेक दुरुस्त्या फसतात. काच ज्या रबरी चॅनेलमधून सरकते ते चॅनेल धुळीने भरले किंवा उन्हाने वाळून कडक झाले, की मोटर ओढत राहते, काच अडून बसते आणि सगळा ताण त्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर येतो. मराठवाड्यात या दोन्ही गोष्टी वर्षभर घडतात. शेताच्या वाटेवरची काळी माती, उसाच्या ट्रॅक्टरमागे उडणारा फुफाटा आणि उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या पुढे जाणारे ऊन यांतून कोणत्याही गाडीचे रबर सुटत नाही. माझ्या गाडीचे ड्रायव्हरकडचे मशीन लातूर-अंबाजोगाई रस्त्यावर ऐन मे महिन्यात गेले. एका गॅरेजमध्ये तासाभरात नवे बसवून मिळाले आणि 8 महिन्यांत तेही गेले. दुसऱ्या खेपेस दार मी स्वतः उघडले, तेव्हा चॅनेलच्या खालच्या टोकाला मातीचा थर इतका घट्ट बसला होता की नखाने खरवडूनही निघेना. पहिल्या वेळी चॅनेलला कोणी हातही लावला नव्हता. दाराच्या तळाशी टोलच्या दोन पावत्या आणि हुरड्याचे वाळलेले दाणे निघाले, ती मात्र आमच्याच घरची करणी.

सुटा भाग घेताना गाडीचे मॉडेल, वर्ष, पुढचे की मागचे दार आणि डावी की उजवी बाजू एवढे तर सांगावेच. त्याशिवाय मोटरच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडण्याच्या प्लॅस्टिकच्या तोंडात, किती पिना आहेत, तेही पाहून जावे. काच आपोआप वर जाण्याची सोय असलेल्या मोटरला साध्या मोटरपेक्षा जास्त पिना असतात आणि एकाच मॉडेलच्या दोन प्रकारांत हा फरक असू शकतो. जुने मशीन काढून, ते सोबत नेऊन, काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून पाहणे सर्वांत खात्रीचे. पण मग दुकानात जाण्यासाठी दुसरे वाहन हवे. मोटर चांगली असेल तर मशीन मोटरशिवाय घेतल्यास खर्च वाचतो. दाराच्या पॅडच्या, म्हणजे आतल्या बाजूच्या आवरणाच्या, क्लिपा अर्धा डझन जास्तीच्या घ्याव्यात. उन्हात वर्षे काढलेल्या क्लिपा निघताना तुटतातच.

हत्यारे फारशी लागत नाहीत. 10 नंबरचा गोटी पाना, फुलीच्या तोंडाचा आणि चपटा स्क्रू ड्रायव्हर, पकड, चिकटपट्टीचे रुंद रीळ, सिलिकॉनचा स्प्रे, पांढरे ग्रीस आणि जुने सुती कापड पुरे. काही गाड्यांत चांदणीच्या आकाराच्या डोक्याचे स्क्रू असतात, त्यांचे बिट आधीच आणून ठेवावेत. काम सकाळी, कडुलिंबाच्या सावलीत काढावे. दुपारच्या उन्हात दाराचा पत्रा हात ठेवू देत नाही.

गाडी बंद करून बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवावे आणि 10 मिनिटे थांबावे. बाजूच्या एअरबॅगचा सेन्सर काही गाड्यांत दारातच असतो, म्हणून ही खबरदारी टाळू नये. त्यानंतर आतल्या हँडलच्या मागे, हात टेकण्याच्या खाचेत आणि पॅडच्या कडांना असलेले स्क्रू काढावेत. यातले एक-दोन छोट्या झाकणांखाली लपलेले असतात. सगळे स्क्रू निघाले असे वाटूनही पॅड एखाद्या जागी अडत असेल, तर जोर न लावता तिथला स्क्रू शोधावा. मग खालच्या कोपऱ्यातून सुरुवात करून एकेक क्लिप सोडवावी आणि पॅड वरच्या दिशेने उचलावे, कारण काचेलगतची त्याची कड दाराच्या पत्र्यावर अडकवलेली असते. पॅड हाती आले तरी लगेच ओढू नये. बटणाचे कपलर आणि हँडलची केबल मागून जोडलेली असते. पॅडखाली पाण्यापासून बचाव करणारा प्लॅस्टिकचा कागद काळ्या चिकट पदार्थाने चिकटवलेला दिसेल. तो सावकाश, अखंड सोडवून सावलीत ठेवावा, कारण त्याच्यावर माती बसली की तो पुन्हा नीट चिकटत नाही.

काच धरून ठेवणारे बोल्ट दाराच्या छिद्रांसमोर आले तरच पाना लागतो. मोटर थोडीफार चालत असेल तर बटणाचे कपलर आणि बॅटरी तात्पुरती जोडून काच त्या जागी आणावी आणि बॅटरी पुन्हा सोडवावी. केबल तुटली असेल तर काच दोन्ही तळव्यांत धरून हाताने वर सरकवता येते. बोल्ट सैल केले की काच पूर्ण वर नेऊन चिकटपट्टीचे तीन-चार रुंद पट्टे आतल्या बाजूने सुरू करून दाराच्या चौकटीवरून बाहेरच्या बाजूपर्यंत ओढून लावावेत. पट्टी लावण्याआधी काच पुसून घ्यावी, धुळीवर पट्टी टिकत नाही. ही टफन केलेली काच सपाट बाजूने बराच मार सोसते, पण तिच्या कडेवर पान्याचा एक घाव बसला तरी तिचा क्षणात चुरा होतो. म्हणून शक्यतो घरातले कोणीतरी काचेला हात देऊन उभे असावे.

आता मोटरचे आणि पट्टीचे नट काढावेत. पट्टीचे काही बोल्ट किल्लीच्या छिद्रासारख्या खाचेत बसवलेले असतात. ते पूर्ण न काढता नुसते सैल करून पट्टी वर उचलली की सुटते. मशीन काही गाड्यांत रिव्हेटने बसवलेले असते, तेव्हा रिव्हेट ड्रिलने काढावे लागतात आणि त्यांचा लोखंडी कीस दारातून झाडून घ्यावा लागतो, नाहीतर तिथे गंज धरतो. कात्रीच्या हातांच्या मशीनची मोटर काच सुटी असताना कधीही वेगळी करू नये: आतल्या स्प्रिंगमुळे हात झटक्यात फिरतो आणि बोटे चेचतात. तो हात आधी पट्टीला घट्ट बांधून किंवा क्लॅम्पने जखडून ठेवावा. केबलच्या मशीनची मोटर जुनीच वापरायची असेल, तर नव्या मशीनच्या चक्रीवरचे आवरण मोटर बसेपर्यंत काढू नये. चक्री निसटली की केबल उलगडते आणि ती पुन्हा गुंडाळताना अर्धा दिवस जातो.

मशीन बाहेर आले की नवे बसवण्याची घाई न करता चॅनेलकडे वळावे. पातळ पट्टीला ओले कापड गुंडाळून, साबणाच्या पाण्याने, चॅनेलच्या दोन्ही उभ्या बाजू वरपासून खालपर्यंत पुसाव्यात आणि कापड स्वच्छ निघेपर्यंत हे चालू ठेवावे. माझ्या दाराला सात वेळा कापड बदलावे लागले. चॅनेल वाळल्यावर सिलिकॉनचा स्प्रे मारावा. खाण्याचे तेल, इंजिन ऑइल किंवा ग्रीस इथे चालत नाही, कारण त्यावर धूळ चिकटते आणि पुढच्या हंगामात पुन्हा तोच चिखल होतो. चॅनेलचे रबर चिरले किंवा जागेवरून निघाले असेल तर तेही आताच बदलावे. पांढरे ग्रीस फक्त नव्या मशीनच्या पट्टीवर आणि स्लायडरच्या खाचेत, तेही बेताने लावावे.

नवे मशीन आत सोडून सर्व नट आधी हातानेच बसवावेत. कपलर आणि बॅटरी जोडून स्लायडर बोल्टच्या छिद्रासमोर आणावा, मग एकाने चिकटपट्ट्या सोडत काच सावकाश खाली आणावी आणि दुसऱ्याने तिचे बोल्ट लावावेत. हे बोल्ट बेताचेच आवळावेत, अति आवळल्याने काच तडकते. पट्टीचे नट अर्धवट आवळलेले असतानाच काच दोन-तीन वेळा पूर्ण वर-खाली न्यावी. पट्टी चॅनेलच्या रेषेत आपोआप बसते. नंतर काच पूर्ण वर असताना नट पक्के करावेत. पट्टी आधीच पक्की केली तर काच एका बाजूला घासत राहते, आणि नव्या मशीनवर पहिल्या दिवसापासून जुनाच ताण येतो.

पॅड लावण्यापूर्वी कुलूप, हँडल आणि काच तिन्ही चालवून पाहावे. बॅटरी सोडल्यामुळे काच आपोआप वर जाण्याची सोय विसरली गेली असेल, तर बहुतेक गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसेच धरून ठेवल्यावर ती पूर्ववत होते. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. दाराच्या खालच्या कडेची पाणी जाण्याची छिद्रे काडीने मोकळी करावीत आणि प्लॅस्टिकचा कागद कुठेही फट न ठेवता दाबून चिकटवावा. मग पॅड बसवून, दार लावून, काचेवर बाहेरून दोन तांबे पाणी ओतावे. पाणी त्या छिद्रांतून खाली ठिबकले आणि आतली पायपुसणी कोरडी राहिली, तर दार पावसाळ्याला तयार आहे.