पावसाआधी पाडीची लस आणि तिची दावण

गोव्यात पाऊस साधारण 5 जूनच्या आसपास लागतो. लस टोचल्यावर जनावराच्या अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन ते तीन आठवडे जातात. म्हणजे घटसर्प आणि फऱ्या या दोन रोगांची लस 15 मेच्या आत टोचून झाली पाहिजे. नेमक्या याच दिवसांत सत्तरी, डिचोली, पेडणे, सांगे या भागांत घरातला प्रत्येक माणूस काजूच्या मागे असतो. गोठ्याकडे लक्ष गेलंच तर ते दुभत्या गाईकडे जातं. पाडी म्हणजे गाईचं मादी वासरू, ती दूध देत नाही, म्हणून तिची दावण सगळ्यात शेवटी भरते आणि लस राहून जाते.

माझ्या हातूनही एकदा राहिली. लस टोचणारे वाड्यावर आले त्या सकाळी आमची नऊ महिन्यांची पाडी डोंगरावर चरायला सोडलेली होती. पुढच्या खेपेला बघू, असं म्हणून मी काजूची बोंडं गोळा करायला निघून गेलो. आषाढात एका संध्याकाळी तिनं आंबोणाला तोंड लावलं नाही. तोंडातून लाळेची तार लोंबत होती, गळ्याखाली सूज आली होती, ती हाताला टणक आणि कढत लागत होती. रात्री तिच्या श्वासाची घरघर घरात ऐकू यायला लागली. उजाडताच डॉक्टर आले, इंजेक्शनं दिली, पण दुपारी पाडी गेली. घटसर्पात ताप 104 ते 107 अंश फॅरनहाइटपर्यंत चढतो आणि एक-दोन दिवसांत जनावर हातचं जातं. सूज दिसल्यावर उपचाराला फार वेळ उरत नाही.

फऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. हा रोग सहा महिने ते दोन वर्षांच्या धडधाकट, खाऊन-पिऊन अंगावर आलेल्या जनावरांनाच जास्त गाठतो. मांडीवर किंवा खांद्याच्या फऱ्यावर सूज येते, दाबली की आत चरचर आवाज होतो, पाडी लंगडते. त्यामुळे ‘आमची पाडी चांगली पोसलेली आहे, तिला काही होत नाही’ या भरवशावर राहू नका. दोन्ही लसी सहा महिन्यांपासून पुढे, दर वर्षी पावसाआधी टोचायच्या. त्यांची एकत्र लसही मिळते. पाडी सहा महिन्यांच्या आतली असेल आणि आसपास रोग दिसला असेल, तर डॉक्टरांना विचारून लवकर टोचता येते.

लाळ-खुरकुताची पहिली लस चौथ्या महिन्यात, दुसरी त्यानंतर महिन्याभरानं, मग दर सहा महिन्यांनी. लम्पी या त्वचेच्या रोगाची लसही चार महिन्यांनंतर, वर्षातून एकदा. 2022 मध्ये शेजारच्या महाराष्ट्रात लम्पीनं किती गोठे रिकामे केले ते आपण पाहिलं आहे, आणि पावसाळ्यात माश्या-डास वाढले की तो पसरायला वेळ लागत नाही.

सांसर्गिक गर्भपाताच्या (ब्रुसेलाच्या) लशीचं मात्र नीट समजून घ्या. ही लस फक्त मादी वासराला, चार ते आठ महिन्यांच्या वयातच, आणि आयुष्यात एकदाच देतात. वय उलटलं की ती देत नाहीत. ऑक्टोबर ते जानेवारीत जन्मलेल्या पाड्या मेमध्ये याच वयात असतात, तेव्हा दवाखान्यात वय सांगून ही लस आवर्जून मागा. तिच्यात जिवंत जंतू असतात, सुई चुकून माणसाला लागली तर त्यालाही हा रोग होऊ शकतो. ती डॉक्टरांनाच टोचू द्या, पाडी घट्ट धरा आणि पोरांना लांब ठेवा. लाळ-खुरकूत आणि ही लस केंद्राच्या 2019 साली सुरू झालेल्या कार्यक्रमातून मोफत मिळते. कानात बारा अंकी बिल्ला असेल तर नोंद लगेच होते.

पण लस म्हणजे अंगाला दिलेली शिकवणी, आणि उपाशी पोटी शिकवणी लागत नाही. पोटात जंत असलेल्या, बरगड्या दिसणाऱ्या पाडीत लशीचा जोर कमी धरतो. म्हणून टोचायच्या आठ-दहा दिवस आधी जंतांचं औषध द्या. औषध वजनावर द्यायचं असतं आणि काटा कोणाच्याच गोठ्यात नसतो. मी सुंभाचा दोरा वापरतो. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, दोन्ही इंचांत मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, की वजन किलोत येतं. घेर 40 आणि लांबी 38 इंच असेल तर 92 किलो. दर महिन्याला मोजलंत तर पाडी वाढते की नुसतीच उभी आहे तेही कळतं. संकरित पाडीचं वजन रोज 400 ते 500 ग्रॅमनं वाढायला हवं. आपली गोव्याची देशी गाय श्वेता कपिला लहान चणीची, तिच्याकडून तेवढी अपेक्षा धरू नका.

नुकत्याच जन्मलेल्या पाडीला पहिल्या तासा-दोन तासांत चीक पाजा, आणि दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका तिच्या पोटात जाऊ द्या. वार पडायची वाट बघत चीक अडवण्याची पद्धत अजून काही घरांत आहे, ती सोडाच. जंत आईच्या दुधातूनही येतात, म्हणून पहिला डोस दहा ते पंधरा दिवसांची असताना, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला.

तीन ते सहा महिन्यांच्या पाडीला रोज किलोभर खुराक, पुढे वर्षापर्यंत दीड ते दोन किलो. घरी करायचा तर शंभर किलोला मक्याचा भरडा 40, भुईमुगाची पेंड 20, खोबऱ्याची पेंड 15, भाताचा कोंडा 22, क्षार मिश्रण 2 आणि मीठ 1 किलो. पावसात पेंड दमट होते, खवट वास किंवा बुरशी आली की टाकून द्या. हिरवा चारा पाच ते दहा किलो: नेपियर, मका, कुंपणावरच्या गिरीपुष्पाचा पाला. सोबत भाताचा सुका पेंढा हवाच. पहिल्या पावसानंतर कोवळं गवत लुसलुशीत येतं, त्यावर उपाशी पाडी सोडली की पोट फुगतं किंवा हगवण लागते. आधी दोन मुठी पेंढा खाऊ द्या, मग सोडा. काजूच्या बोंडांचा आंबलेला चोथा आणि पिकलेला फणस लहान पाडीपुढे टाकू नका.

गोचीड पावसाआधीच आवरा. गोठ्याच्या भिंतींच्या भेगा लिंपून चुना मारा, कारण ते अंडी तिथंच घालतात. सत्तरीत 2015 पासून माकडतापानं माणसांचे जीव घेतले आहेत, आणि तो गोचिडांतूनच येतो. रानातला पातेरा, म्हणजे वाळका पाला, गोठ्यात अंथरायला आणणं त्यासाठी थांबवा.

टोचण्याच्या दिवशी पाडी चरायला सोडू नका, सावलीत बांधा, पाणी पाजा. ताप असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. टोचल्यावर अर्धा तास तिच्याजवळ थांबा. एक-दोन दिवस ती थोडी सुस्त राहते, टोचल्या जागी गाठ येते, ती काही दिवसांत जिरते. लाळ-खुरकुताचा पहिला डोस मेच्या मध्यावर दिलात तर दुसरा भर पावसात, जूनच्या मध्यावर येईल. ती तारीख आजच गोठ्याच्या दारावर खडूनं लिहा आणि त्या सकाळी पाडी दावणीलाच बांधून ठेवा.