पॉलिसी नाही आणि पेशंट ॲडमिट: डिपॉझिट भरण्याआधी हे करा

माझं मेडिकल नाशकात मुंबई नाक्याजवळ आहे, आजूबाजूला सगळी हॉस्पिटलं. रात्री उशिरा चिठ्ठी घेऊन येणारा बहुतेक वेळा पेशंटचा मुलगा, भाऊ नाहीतर जावई असतो. ज्याची पॉलिसी नाही तो लगेच ओळखू येतो. औषधं काढायच्या आतच विचारतो, "एकूण किती होतील?" निफाड-दिंडोरीकडचा असेल तर व्यापाऱ्याकडून द्राक्षाची उचल घेतलेली असते. शहरातला असेल तर सोनं गहाण टाकलेलं, नाहीतर शेकडा तीनने पैसे काढलेले. त्यांना काउंटरवर उभ्या उभ्या जे सांगतो, तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

डिपॉझिट भरण्याआधी आरोग्यमित्र, म्हणजे हॉस्पिटलात सरकारी योजनेचं काम बघणारा माणूस, कुठे बसतो ते विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना कॅशलेस आहे. आधी मंजुरी, मग उपचार, आणि पैसे परस्पर हॉस्पिटलला. आपण खिशातून भरून टाकले आणि नंतर रेशनकार्ड दाखवलं, तर ते पैसे परत मिळत नाहीत. "आज भरून टाकू, योजनेचं उद्या बघू" म्हणणाऱ्यांचंच घर कर्जात जातं.

"आमचं पांढरं कार्ड, आम्हाला कुठं बसतंय?" असं अजूनही रोज कुणीतरी म्हणतं. जून २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही योजना सगळ्या कुटुंबांना खुली करायचं ठरवलं, पांढऱ्या कार्डवाल्यांनाही. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. विचारताना नुसतं "योजना आहे का?" म्हणू नका. "या आजाराला, या ऑपरेशनला तुमच्याकडे योजना लागते का?" असं विचारा. हॉस्पिटल योजनेच्या यादीत असलं तरी ठरावीक विभागांपुरतंच असू शकतं. रिसेप्शनवर नाही म्हणाले तर तिथेच उभं राहून १५५३८८ लावा आणि नाशकात या उपचाराला कुठलं हॉस्पिटल आहे ते विचारून घ्या.

मंजुरी मिळाली की औषधं, तपासण्या आणि पेशंटचं जेवण पॅकेजमध्येच येतं. तरीही कुणी बाहेरून आणायला चिठ्ठी दिली, तर ती घेऊन माझ्याकडे येऊ नका, आरोग्यमित्राकडे जा. माझा धंदा बुडेल तेवढा बुडू दे.

छातीत दुखत असेल, अपघात असेल, तर यादी शोधत गावभर फिरू नका. १०८ ला फोन करा, जवळच्या ठिकाणी न्या. यादीतल्या हॉस्पिटलात तातडीची मंजुरी फोनवरूनही घेता येते, कागद मागाहून दिले तरी चालतात. खासगीत झेपणार नसेल तर पेशंट जरा स्थिर झाल्यावर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्र्यंबक रोडचं सिव्हिल आहे. हृदय, किडनी, कॅन्सरसाठी शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय आहे. "सिव्हिलला नेलं तर पाहुणे काय म्हणतील" असं म्हणणारे मी पाहिलेत. पाहुणे बिल भरायला येत नाहीत.

कागदांत सगळ्यात जास्त अडतं ते रेशनकार्डावर. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी केलेलं नसतं, सासरच्या कार्डावर चढवलेलं नसतं, आणि ती बाळंतपणात अडते. आधारवर एक नाव, कार्डावर दुसरं, हेही नेहमीचं. हे सगळं घरात कुणी आजारी नसताना करून ठेवायचं काम आहे. कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबर मोबाइलमध्ये ठेवा.

उपचार योजनेत बसत नसेल तर हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं आहे का ते बघा. इथे लोक बुजतात, कारण इमारत चकचकीत असते. पण नोंदणीकृत धर्मादाय हॉस्पिटलला दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १ लाख ८० हजार, दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार. तातडीच्या पेशंटला डिपॉझिटसाठी दारात थांबवता येत नाही. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला द्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी "बघू" म्हणाले तर त्याला काही अर्थ नसतो.

उपचाराला मदत देणाऱ्या मुख्यमंत्री सहायता निधीचा कक्ष आता जिल्हाधिकारी कार्यालयातच आहे, मुंबईला हेलपाटे घालायची गरज नाही. खर्चाचं अंदाजपत्रक लागतं, आणि खासगी हॉस्पिटलचं असेल तर त्यावर जिल्हा शल्यचिकित्सकांची सही लागते. तेही पैसे हॉस्पिटलच्या खात्यात जातात. म्हणून डिस्चार्ज व्हायच्या आत अर्ज करा.

अंबड-सातपूरच्या कारखान्यांत कामाला असाल तर पगाराची स्लिप काढून बघा. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापलं जात असेल तर सातपूरचं ईएसआय हॉस्पिटल तुमचं आहे, कॉन्ट्रॅक्टवरचे असलात तरी. घरचेही त्यात येतात.

आता जे मला काउंटरवरून दिसतं आणि डॉक्टरांना बहुधा दिसत नाही ते. डिस्चार्जच्या वेळी होते नव्हते ते पैसे संपतात. मग हृदयाच्या नळीत स्टेंट (जाळी) घातलेल्या माणसाची बायको येते आणि म्हणते, "पाचच गोळ्या द्या, बाकीच्या पगार झाल्यावर." मी पट्टी कापतो, पाच देतो. त्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या असतात. त्या मध्येच थांबल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि पगार व्हायला अजून दोन आठवडे असतात. इन्सुलिनचंही तसंच. लोक युनिट कमी करून बाटली पुरवतात आणि कुणाला सांगत नाहीत. लाज वाटते. लाजू नका. डॉक्टरांना म्हणा, "इतक्या महाग गोळ्या परवडत नाहीत, जेनेरिक लिहून द्या." सरकारी योजनेच्या जनऔषधी केंद्रात तेच घटक बरेच स्वस्त मिळतात. कुठली गोळी एक दिवसही चुकवायची नाही, तिच्यापुढे पेनाने खूण करून घ्या. पैसे कमी पडले तर आधी ती घ्या.

घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल तर त्यांचं मोफत उपचाराचं सरकारी आयुष्मान वय वंदना कार्ड याच आठवड्यात काढा. ऑक्टोबर २०२४ पासून त्याला उत्पन्नाची अट नाही, आधार पुरतं. पॉलिसी घेणार असाल तर ती आताच, काही दुखत नसताना घ्या आणि फॉर्मवर बीपी-शुगर लपवू नका. जुन्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबवू शकते, पण लपवलेलं उघडं पडलं तर ऐन वेळी क्लेमच नाकारतात.