घरात कालवण, तुमच्या ताटात नाही: नव्या शाकाहाऱ्यांनो, या चुका टाळा

नववी-दहावीतलं पोर एक दिवस "मी आजपासून मासे-मटण सोडलं" म्हणतं, आणि दोन महिन्यांत ते पुन्हा रस्सा ओरपताना दिसतं. मधल्या काळात घरात काय झालं असेल हे न विचारताही सांगता येतं, इतक्या ठरलेल्या चुका असतात. ठाण्यातलं सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घर असो, कोपरखैरण्यातलं आगरी, चेंदणीतलं कोळी किंवा नेरूळच्या इमारतीतलं मालवणी, भांडणाची गोष्ट एकच. आणि ते भांडण बहुतेक वेळा मटणाचं नसतंच. ते दुसऱ्या पातेल्याचं असतं. ते कोण चढवणार, कधी चढवणार आणि नंतर कोण घासणार, एवढंच.

आधी एक हिशोब करा, जो कोणीच करत नाही. तुमचं घर रोज वशाट, म्हणजे मासे-मटण, खातं का? सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. त्यातून संकष्टी, एकादशी, नवरात्र आणि श्रावण वजा करा. म्हणजे जिला तुम्ही क्रांती समजताय ती आठवड्यातून फार तर तीन जेवणांची सोय आहे. ती सोय लावायची सोडून लोक आधी भाषण करतात.

चूक पहिली आणि सगळ्यात महाग: भरल्या ताटावर जाहीर करणं

बाबा सकाळी साडेसातला मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभे राहिलेत. आईने खोबरं-कांदा भाजून वाटण केलंय. वाजलाय दीड, ताटात सागुती पडलीय, आणि इतक्यात घोषणा होते. मग क्रम ठरलेला. बाबा म्हणतात, "नाटकं नकोत." आजी म्हणते, "माळ घातलीस काय रे?" आई काही बोलत नाही, उठते आणि उरलेलं वरण गरम करून आणते. त्या दिवसापासून घराच्या लेखी तुमचा शाकाहार म्हणजे आईला रविवारी दुपारी पडलेलं जास्तीचं काम. पुढे तुम्हाला साधी सर्दी झाली तरी ती "मासे सोडले म्हणून".

पोर हट्टाला पेटतं. तीन दिवस वरण-भात-लोणचं, मधल्या वेळी वडापाव, रात्री मॅगी. सहा आठवड्यांत वजन दोन किलो उतरतं, शाळेचे जिने चढताना धाप लागते, आई डॉक्टरकडे नेते, हिमोग्लोबिन कमी निघतं आणि केस बंद. खरं तर शाकाहार हरलेला नसतो, पोराने तो सुरूच केलेला नसतो. त्याने फक्त मासे थांबवलेले असतात.

सांगायची वेळ निवडा. सगळ्यात सोपा मुहूर्त श्रावणाचा. घर तसंही थांबलेलं असतं, आईचा हात कडधान्यांवर बसलेला असतो, आणि तुम्हाला फक्त "मी पुढेही चालू ठेवतोय" एवढंच म्हणायचं असतं. गटारीला मात्र तोंड उघडू नका, त्या दिवशी कोणाचंच कोणी ऐकत नाही. श्रावण लांब असेल तर सोमवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी, आईला एकटीला गाठून बोला. वाक्य असं: "आई, बुधवार-शुक्रवार-रविवार माझ्यापुरतं मी करेन. तू वेगळं काही करू नकोस." हे म्हणायच्या आधी करता यायला हवं, हे उघडच आहे.

तुकडी पडायच्या आधी

वेगळी भाजी करायला वेगळा तास लागतो हा नवशिक्यांचा गैरसमज. कालवणाची चव तुकडीत थोडी आणि वाटणात जास्त असते. ओलं खोबरं, लसूण, आगरी किंवा मालवणी मसाला, कोकम किंवा चिंच, यात वशाट काहीच नाही. तेव्हा आईने फोडणी करून वाटण उकळलं की मासे सोडायच्या आधी तीन-चार डाव रस्सा लहान पातेल्यात काढून घ्या. त्यात आधीच शिजवलेले चणे, वाटाणे किंवा शेवग्याच्या शेंगा-बटाटा घालून आठ-दहा मिनिटं मंद आचेवर ठेवा. झालं तुमचं कालवण, एकाच वाटणात. मटणाचंही तसंच, पण तिथे आई मटण आधीच फोडणीला परतत असेल तर वाटणच कच्चं बाजूला मागून घ्या.

यात बिघडतं ते एकाच ठिकाणी: चणे शिजलेले नसतात. ते आदल्या रात्री भिजवायचे असतात आणि पंधरा-सोळा वर्षांच्या माणसाला आदली रात्र आठवत नाही. त्यावर उपाय म्हणजे मोबाइलचा गजर. मंगळवार, गुरुवार, शनिवार, रात्री नऊ. मूठभर, साधारण 40 ते 50 ग्रॅम चणे तिप्पट पाण्यात. सकाळी पाणी बदला, कुकरला पाच-सहा शिट्ट्या द्या आणि वाफ आपोआप जिरू द्या. घाईने शिट्टी उचलून वाफ सोडली की दाणा मध्ये टणक राहतो. मग "कडधान्य मला पचत नाही" अशी तक्रार येते. पचत नाही कारण शिजलेलं नाही. राजमा तर अर्धाकच्चा खाऊच नका, उलट्या होतात.

मटकी आठ तास भिजवून, पाणी पूर्ण निथळून, ओलसर फडक्यात बांधून दहा-बारा तास. आपल्याकडे पावसाळ्यात हवाच इतकी दमट की फडक्यात पाणी राहिलं तर मोडाऐवजी वास येतो आणि दाणे चिकट होतात. अशी मटकी धुऊन वापरू नका, टाका. मोड आले की लगेच फ्रीजमध्ये.

आणि वालाचं बिरडं शिका. भिजवणं, मोड आणणं, कोमट पाण्यात टाकून सोलणं, सगळं वेळखाऊ आहे, पण ते घरातल्या मासेखाऊंनाही आवडतं. ज्या पदार्थासाठी बाबा स्वतःहून वाटी पुढे करतात तो शंभर युक्तिवादांच्या वरचा.

"मी वरण खातो ना!"

वरणाच्या वाटीवर लोकांचा जो विश्वास आहे तो बघून हसावं की रडावं कळत नाही. पातळ वरणाच्या एका वाटीत कोरडी डाळ असते 15 ते 20 ग्रॅम, म्हणजे प्रथिनं तीन-चार ग्रॅम. सुरमईच्या दोन बऱ्यापैकी तुकड्यांत, म्हणजे 100 ग्रॅम मासळीत, वीसच्या आसपास असतात. तुकड्यांच्या जागी वाटी ठेवली की फरक तुमच्या अंगातून वसूल होतो.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशींनुसार 13 ते 15 वर्षांच्या मुलाला दिवसाला 45 ग्रॅम आणि मुलीला 43 ग्रॅम प्रथिनं लागतात. 16 ते 18 वयात मुलाला 55, मुलीला 46. हे घरच्या जेवणात आरामात बसतं, पण मोजून. दोन कप दूध 13, वाटीभर दही 3, कोरडी मोजून 40 ग्रॅम डाळ 9, तेवढंच कडधान्य 8-9, मूठभर म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाणे 7, चार पोळ्या 11-12. भात वेगळा. पनीर रोज लागत नाही, प्रोटीन पावडरचा डबा तर अजिबात नाही. पंधराव्या वर्षी डबा मागणाऱ्यांनी आधी मूठभर दाणे खाऊन दाखवावेत.

सोया वड्यांत निम्मं प्रथिन असतं, म्हणून लोक वाडगाभर खातात आणि रात्रभर पोट धरून बसतात. एका वेळी 25-30 ग्रॅम कोरड्या पुरेत. उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, गार पाण्यात, घट्ट पिळून, पुन्हा पाणी, पुन्हा पिळून. दुसऱ्यांदा पिळायचा कंटाळा केला की तो कोंदट वास राहतो आणि मसाल्याला दोष मिळतो.

बी-12 ला हसण्यावारी नेणं

इथे आई-बाबांची काळजी खरी आहे आणि ती मान्य करा. बी-12 वनस्पतींतून भरवशाचं मिळत नाही. इडलीच्या आंबलेल्या पिठातून नाही, मोडांतून नाही, स्पिरुलिनातूनही नाही. गरज दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅमची आणि कपभर दुधात असतं साधारण एक. म्हणजे दूध-दही नीट खाणारा काठावर, आणि ज्याने एका रीलवरून मासे, अंडी, दूध सगळं एकाच सोमवारी सोडलं तो काठाच्या बाहेर. दूधही सोडायचंच असेल तर गोळीशिवाय सोडू नका. यकृतातला साठा बराच काळ पुरतो म्हणून पहिले काही महिने काहीच कळत नाही, आणि हीच फसगत. जीभ लाल होणं, हातापायांना मुंग्या, थकवा ही लक्षणं उशिरा येतात.

सुरुवातीलाच आईला घेऊन डॉक्टरकडे जा. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बी-12 आणि फेरिटिन (लोहाचा साठा) करून घ्या. बी-12 दोनशे पिकोग्रॅमच्या खाली असेल तर बहुतेक लॅब ते कमी धरतात. गोळी किती, किती दिवस हे डॉक्टर ठरवतील. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड स्वतःच्या मनाने सुरू करू नका, त्याने रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो आणि नसांचं नुकसान मागे चालूच राहतं. पहिला रिपोर्ट फाइलमध्ये लावा. सहा महिन्यांनी दुसरा त्याच्या शेजारी लागला की "वाळलास" या शेऱ्याला तुम्हाला तोंडी उत्तर द्यावं लागत नाही.

लोहाचं थोडक्यात: 13 ते 15 वर्षांच्या मुलींना दिवसाला 30 मिलिग्रॅम लागतं. डाळी-पालेभाज्यांतलं लोह शरीर कमी शोषतं, लिंबू पिळलं की जास्त. जेवणावर लगेच चहा घेतला तर ते लिंबूही वाया. तासभर थांबा. मासे गेले म्हणजे आयोडीनची एक वाटही गेली, तेव्हा फॅशन म्हणून घरातलं आयोडीनयुक्त मीठ काढून सैंधव आणू नका. आणि माशांतल्या ओमेगा-3 च्या जागी दिवसाला चमचाभर जवसाची चटणी.

एक गोष्ट गंभीरपणे. शाकाहाराच्या नावाखाली मनात वजन उतरवायचं असेल, जेवणं गाळली जात असतील, पाळी चुकत असेल, तर हा लेख बंद करा आणि घरातल्या कोणाला तरी सांगून डॉक्टरकडे जा. तो वेगळा विषय आहे.

बाकीच्या, चटकन

"तुकडा नको, नुसता रस्सा दे." मग शाकाहारी म्हणवून घेऊ नका, घरचे ते वाक्य दहा वर्षं ऐकवतील.

भाताखाली बोंबील लपवून नंतर कचऱ्यात टाकणं. सापडता, आणि अन्न टाकल्याचा राग शाकाहारावर निघतो.

अंड्याचं न ठरवणं. आपल्याकडे "व्हेज"मध्ये अंडं धरत नाहीत, पाकिटावरही अंड्याला हिरवा ठिपका मिळत नाही. खाणार की नाही, पहिल्या दिवशी स्पष्ट सांगा. दर आठवड्याला बदललं की आई वैतागणारच.

पावसाळ्यात भाजी न विचारता खाणं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, ताजी मासळी महाग, म्हणून वांग्यात सुकट, पालेभाजीत जवळा आणि वालाच्या रश्शात सोडे, अशी सुकी मासळी याच दिवसांत येते. तसंच मासे तळलेल्या तेलात नंतर पापड तळले जातात. विचारा, पण वाढून झाल्यावर नाही, फोडणीच्या आधी.

चायनीजची गाडी. कढई एकच, झारा एकच, आणि "व्हेज" नूडल्समध्ये ऑयस्टर सॉस असू शकतो. जेली आणि मार्शमेलोत जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनचं) असू शकतं, औषधाच्या कॅप्सूलच्या कवचातही बहुधा तेच. पाकिटावरचा ठिपका बघा, औषधाला गोळीचा पर्याय विचारा, पण डॉक्टरने दिलेलं औषध त्यासाठी थांबवू नका.

पहिल्याच आठवड्यात वेगळा तवा, वेगळी भांडी मागणं. पोळीचा तवा बहुतेक घरांत आधीच वेगळा असतो. एक लहान पातेलं मागा आणि ते स्वतः घासा.

जेवताना कत्तलखान्याचे व्हिडिओ दाखवणं. समोरचा माणूस घास हातात धरून बसलाय आणि त्या घासाचे पैसेही त्यानेच दिलेत. शेजारच्या शाकाहारी कुटुंबाचं उदाहरण तर कधीच देऊ नका. "म्हणजे आम्ही खालचे का?" हा प्रश्न येतो, आणि त्यामागचं दुखणं तुमच्या जन्माच्या आधीचं आहे.

खोटी माळ घालणं. घरात कोणी काका-आजोबा माळकरी असतील तर त्यांच्यासाठी स्वयंपाकघर कसं चालतं ते आजीला विचारा, निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. पण भांडण टाळायला स्वतः माळ घालू नका. ती उतरवायची वेळ आली तर मटणापेक्षा मोठा वाद होईल.

हळदी आणि जत्रा राहिल्या. आगरी-कोळी हळदीला रात्री उशिरा पंगत बसते आणि तिखटाचं, म्हणजे मटण-मासळीचं, जेवण असतं. निघण्याआधी घरी जेवा, खिशात भाजलेले चणे ठेवा, तिथे भात आणि जे मिळेल ते घ्या. यजमानांना वेगळं करायला लावू नका. एकवीरेच्या नैवेद्याचं किंवा गौरीला तिखट दाखवणाऱ्या घरांचं कोडं मात्र आदल्या दिवशी आजीशी बोलून सोडवा. बहुतेक आज्या नारळाच्या तुकड्यावर राजी होतात, फक्त देवासमोर सगळ्यांच्या देखत "मला नको" म्हणायचं नाही.