घरच्या जुन्या टेपवर काम करताय? या चुका टाळा

बडोद्यात दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी जुन्या व्हीएचएस व्हिडिओ कॅसेटची पिशवी घेऊन माझ्याकडे येतं. घरातलं माणूस गेलेलं असतं, त्याच्यावर व्हिडिओ आर्ट करायचं असतं आणि बहुतेकांना ते वर्षश्राद्धाच्या आत हवं असतं. या घाईपायी बरंच काही बिघडतं.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे आवाज 'साफ' करणं. मी स्वतः केली आहे. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात १९९३ साली भावाची मुंज झाली. त्या टेपमध्ये बाबा चार मिनिटं बोलतात. ते गेल्यावर मी तेवढा तुकडा घेतला, नॉइज रिडक्शन, म्हणजे मागचा खरखराट काढणारं फिल्टर, भरपूर लावलं, खाली सारंगी टाकली आणि आईला दाखवलं. ती शेवटपर्यंत बघत राहिली, मग म्हणाली, "अगं, झोपाळा कुठे गेला?"

बाबा झोपाळ्यावर बसून बोलत होते. कड्या कुरकुरायच्या, बाबा पाय टेकवून झोपाळा थांबवायचे आणि मगच पुढचं वाक्य यायचं. ती कुरकुर मी खरवडून काढली होती. वर मूळ फाइलवरच सेव्ह केलेलं. टेप पुन्हा चालवली तर ती व्हीसीआरमध्ये गुंतली. सुरकुती मधोमध पडली म्हणून चित्र तिथे फाटतं. आवाजाचा पट्टा टेपच्या कडेला असतो, तो वाचला.

तेव्हापासून टेपवरून उतरवलेली पहिली फाइल मी दोन डिस्कवर ठेवते आणि तिला हात लावत नाही. आठवडाभर चित्र न बघता नुसतं ऐकते. मोना हातूम या कलाकाराचं १९८८चं 'मेझर्स ऑफ डिस्टन्स' हे व्हिडिओ आर्ट बघा. पंधरा मिनिटांच्या त्या कामात ती आईची पत्रं इंग्रजीत वाचते आणि मागे मायलेकींच्या अरबी गप्पा, हसणं चालूच राहतं. ते हसणं पुसलं असतं तर काय उरलं असतं? आणि सारंगी नको. रडू आणण्यासाठी लावलेलं संगीत मला सहन होत नाही.

बुरशी. ऑगस्ट २०२४च्या पुरानंतर इथल्या विश्वामित्री नदीचं पाणी लागलेल्या टेपा लोकांनी तशाच व्हीसीआरमध्ये घातल्या. कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढरी भुकटी दिसली तर टेप चालवू नका. बुरशी व्हीसीआरच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागते आणि पुढच्या टेपवर जाते. हेअर ड्रायर तर मुळीच नको. जाणकार माणूस मिळेपर्यंत टेप कोरड्या जागी, बाकीच्यांपासून वेगळी ठेवा.

जुन्या टीव्हीच्या आकाराचं ४:३चं चित्र आजच्या रुंद १६:९मध्ये ताणू नका, आजोबांचा चेहरा फुगतो.

हलत्या हातांच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर आधी डीइंटरलेस करा, म्हणजे एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या रेघा काढा, स्लो मोशन नंतर. खरं तर स्लो मोशन करूच नका.

दवाखान्यातलं चित्रण वापरायचं असेल तर घरातल्या प्रत्येकाला एकेकटं दाखवा. सगळ्यांसमोर कुणी नको म्हणत नाही. बाबांचे शेवटचे तीन दिवस माझ्याकडे आहेत, पण कामात नाहीत. धाकटी बहीण नको म्हणाली.