अवघड विषय सोडायचा की पुढे न्यायचा: निर्णय कसा घ्यावा

विषय सोडण्याच्या बहुधा दोन तारखा असतात आणि त्यांचे परिणाम वेगळे असतात. आधी या तारखा शोधा, बाकीचा विचार नंतर. पहिली तारीख सेमिस्टरच्या सुरुवातीला, साधारण पहिल्या एक-दोन आठवड्यांत येते. तोवर विषय काढून टाकला तर गुणपत्रकावर त्याची खूण राहत नाही आणि फीचा मोठा भाग बहुतेक वेळा परत मिळतो. दुसरी तारीख अर्धी सेमिस्टर उलटल्यावर कधीतरी येते. तोवर विषय सोडता येतो, पण गुणपत्रकावर 'डब्ल्यू' (विथड्रॉन, म्हणजे विषय सोडला) असा शेरा पडतो आणि फी परत मिळेलच असं नाही. त्यानंतर सुटका हवी असेल तर आजारपणासारखं कारण कागदपत्रांनिशी दाखवावं लागतं.

दोन्ही तारखा शैक्षणिक कॅलेंडरमध्ये दिलेल्या असतात. दुसऱ्या तारखेच्या सात दिवस आधीची तारीख ही तुमची खरी शेवटची तारीख धरा. फॉर्मवर सल्लागार प्राध्यापकांची सही लागते, ते नेमके रजेवर असतात किंवा शेवटच्या दिवशी पोर्टल चालत नाही. अशा कारणांनी अडकलेल्यांना सवलत क्वचितच मिळते.

'डब्ल्यू'ची भीती मात्र गरजेपेक्षा जास्त बाळगली जाते. हा शेरा सहसा सरासरीत धरला जात नाही. सगळ्या शिक्षणात एखादा असेल तर कुणी फारसं विचारत नाही. दर सेमिस्टरला एक दिसू लागला किंवा एकच विषय दोनदा सोडला, तर पुढच्या प्रवेशाच्या वेळी प्रश्न येतात. नापासचा शून्य मात्र सरासरीत मोजला जातो.

आता कागद घ्या आणि आकडे मांडा. सिलॅबसमध्ये प्रत्येक परीक्षेचं वेटेज दिलेलं असतं. समजा असाइनमेंटला 20, मिडटर्मला 30 आणि अंतिम परीक्षेला 50 मार्क आहेत. असाइनमेंट सगळ्या झाल्या, त्यात 14 मिळाले. मिडटर्ममध्ये 12. हातात 26 आहेत. पास व्हायला 40 लागत असतील तर अंतिम परीक्षेत 50 पैकी 14, म्हणजे 28 टक्के हवेत. एकूण 60 हवे असतील तर 34, म्हणजे 68 टक्के. आणि 75 हवे असतील तर 50 पैकी 49. मिडटर्ममध्ये 40 टक्के मिळवणाऱ्याला पास होणं सहज शक्य आहे, 60 साठी तयारीची पद्धत बदलावी लागेल आणि 75 चा विचार सोडून द्यावा लागेल. 'माझं काही खरं नाही' असं वाटत असताना हे तीन आकडे डोळ्यांसमोर असणं फार मोलाचं असतं. एक खाचखळगा इथे असतो: काही ठिकाणी अंतिम परीक्षेत स्वतंत्र किमान मार्क लागतात, काही ठिकाणी प्रॅक्टिकलचा पास वेगळा असतो. बेरीज जमली तरी त्या अटीवर माणूस अडकतो.

दुसरा हिशेब सरासरीचा. समजा या सेमिस्टरला चार क्रेडिटचे पाच विषय आहेत आणि दहाच्या मापात बाकी चारांत 8 ग्रेड पॉइंट मिळतील असं दिसतंय. अवघड विषयात 4 मिळाले तर सेमिस्टरची सरासरी 7.2 होईल. नापास झालात तर 6.4. आधीची 80 क्रेडिट 8.0 ने झालेली असतील तर एकूण सरासरी अनुक्रमे 7.84 आणि 7.68 वर येईल. हा धक्का मनात वाटतो त्यापेक्षा लहान असतो. पण अवघड विषयाने सगळा वेळ खाल्ला आणि बाकीचे चारही विषय 8 वरून 7 वर घसरले, तर अवघड विषयात 4 मिळवून पास होऊनही सरासरी 6.4 च येते, म्हणजे त्यात नापास झाल्यासारखीच. म्हणून त्या एका विषयाकडेच बघू नका. बाकीच्या विषयांच्या गेल्या तीन आठवड्यांतल्या असाइनमेंट काढा. त्या उशिरा जाऊ लागल्या असतील, मार्क उतरत असतील, तर सोडण्याच्या बाजूने ही सर्वांत भक्कम खूण आहे.

आकड्यांनंतर कारण. विषय अवघड जातोय हे कळलं, पण का जातोय यावर निर्णय ठरतो. तपासलेला पेपर समोर ठेवा आणि गेलेला प्रत्येक मार्क चारपैकी एका रकान्यात टाका: संकल्पनाच कळली नव्हती, कळली होती पण सोडवता आलं नाही, चूक झाली, वेळ पुरला नाही. शेवटचे दोन रकाने भरले असतील तर विषय सोडू नका. वेळ लावून पेपर सोडवायचा सराव केला की यातलं बरंच भरून निघतं. दुसरा रकाना भरला असेल तर बहुधा अभ्यास वाचून होतोय, सोडवून होत नाहीये. सोडवलेलं उदाहरण वाचताना सगळं समजल्यासारखं वाटतं, कोऱ्या कागदावर पहिली ओळही सुचत नाही. हेही सेमिस्टरच्या आत सुधारतं.

पहिला रकाना भरला असेल तर पाया तपासा. हा विषय ज्या आधीच्या विषयावर उभा आहे, त्यातली दहा उदाहरणं पुस्तक मिटून सोडवा. सात-आठ बरोबर आली तर पाया ठीक आहे, अडचण नव्या भागाची आहे. पाचाच्या आत आली तर तुम्ही एकाच वेळी दोन विषय शिकताय, आणि वर्ग दर आठवड्याला पुढे सरकतोय. अशा वेळी नुसती मेहनत वाढवून अंतर कमी होत नाही. विषय सोडून, पाया पक्का करून पुन्हा घेणं हा इथे शहाणपणाचा मार्ग आहे.

वेळेचा हिशेबही प्रामाणिकपणे करा. वर्गातल्या एका तासामागे घरी दोन तास, असा ढोबळ नियम धरला तर चार क्रेडिटच्या, म्हणजे आठवड्याला चार तास वर्ग असलेल्या विषयाला वर्ग धरून आठवड्याला बारा तास लागतात. तुम्ही पाचच देत असाल तर विषय अवघड आहे की नाही हे अजून कळलेलंच नाही. नोकरी किंवा घरच्या जबाबदारीमुळे बारा तास निघणारच नसतील, तर मात्र उत्तर मिळालं.

यानंतर शिकवणाऱ्या सरांना किंवा मॅडमना भेटा, पेपर सोबत घेऊन. 'मी पास होईन का?' असं विचारलं की धीराचे दोन शब्द मिळतात, उपयोगाचं काही मिळत नाही. त्याऐवजी विचारा: उरलेला भाग झालेल्या भागावर किती अवलंबून आहे? पुढच्या तीन आठवड्यांत मी नेमकं काय करावं? या टप्प्यावर इतके मार्क असलेल्या विद्यार्थ्यांचं साधारण पुढे काय होतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण सरळ देतात.

सल्लागारांकडे वेगळे प्रश्न न्या. हा विषय पुन्हा कधी असतो? वर्षातून एकदाच असेल आणि पुढचे दोन विषय त्यावर अवलंबून असतील, तर एक विषय सोडल्याने पदवी वर्षभर लांबू शकते. उरलेली क्रेडिट शिष्यवृत्ती, वसतिगृह, शैक्षणिक कर्ज किंवा विद्यार्थी व्हिसाच्या किमान मर्यादेखाली तर जात नाहीत ना? व्हिसाच्या बाबतीत परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाशी बोलल्याशिवाय काहीही करू नका, ती चूक निस्तरणं फार जड जातं. थिअरी सोडली की जोडीचं प्रॅक्टिकलही जातं का? आणि पुन्हा घेतल्यावर नवा ग्रेड जुन्याची जागा घेतो की दोन्ही धरले जातात?

मधल्या वाटाही विचारून ठेवा. ग्रेडऐवजी फक्त पास-नापास घेता येतं का, त्याच विषयाच्या खालच्या पातळीच्या वर्गात जाता येतं का, क्रेडिट न घेता वर्गात बसता येतं का. कधी कधी दुसराच, कमी महत्त्वाचा विषय सोडून या विषयाला वेळ देणं जास्त फायद्याचं ठरतं.

अजूनही मन ठरत नसेल आणि तारीख लांब असेल, तर एक आठवडा पूर्ण बारा तास द्या आणि शेवटी मागच्या वर्षीचा प्रश्नसंच वेळ लावून सोडवा. मार्क हलले तर पुढे चला. पूर्ण वेळ देऊनही जागचे हलले नाहीत, तर विषय सोडा. तब्येत किंवा झोप बिघडली असेल तर हा प्रयोग करू नका, आधी डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकांकडे जा. त्यांच्या पत्राने मुदत वाढूही शकते.

सोडायचं ठरलं तर वर्गात जाणं थांबवलं म्हणजे विषय सुटला, असं समजू नका. नोंदणी तशीच राहते आणि शेवटी नापासाचा ग्रेड लागतो. रीतसर फॉर्म भरा. दोन दिवसांनी पोर्टलवर विषयासमोरची नोंद बदलली का ते पाहा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट व पुष्टीचा ईमेल जपून ठेवा. नोट्स आणि तपासलेले पेपर फेकू नका. विषय पुन्हा घ्याल तेव्हा तयारी कुठून सुरू करायची हे त्या चार रकान्यांवरूनच ठरेल.