भूगोलाच्या तासाला काय चाललंय हे पालकांना कसं कळवायचं

सुरुवातीची काही वर्षं माझे पालकांना जाणारे मेसेज असे असायचे, "इ. 7 वी, भूगोल, धडा 3 पूर्ण झाला, स्वाध्याय वहीत लिहून आणणे." खाली वीस-पंचवीस अंगठे आणि दोन-तीन "ओके टीचर". आणि मग पालकसभेत तेच पालक विचारणार, "टीचर, भूगोल म्हणजे पाठच करायचा ना?" धडा झाला हे सगळ्यांना कळलं, धड्यात होतं काय हे कुणालाच नाही. चूक माझीच होती.

तर पहिली गोष्ट, मेसेजमध्ये धड्याचा नंबर नका टाकू, घरी मुलाला विचारता येईल असा एक प्रश्न टाका. एकच. आणि त्याचं उत्तर पण खालीच लिहा, कारण आईबापाला स्वतःला उत्तर येत नसेल तर ते विचारतच नाहीत, मुलासमोर कोण पडतं घेणार. भरती-ओहोटीला मी आता हे पाठवते:

"या आठवड्यात भरती-ओहोटी शिकतोय. आज जेवताना विचारा: आज दुपारी 12 ला भरती असेल तर उद्या किती वाजता? (उत्तर: साधारण 50 मिनिटं उशिरा, म्हणजे 12.50 च्या आसपास. का, ते मुलांनी सांगायचं.)"

हा मेसेज पहिल्यांदा टाकला तेव्हा वर्गातल्या एका मुलीच्या आईची व्हॉइस नोट आली, घरची होडी आहे त्यांची, स्वतः मासळी विकायला बसतात, एरवी ग्रुपवर कधी एक शब्द नाही. म्हणाल्या, "टीचर, पुस्तकात भांगाची भरती लिवलंय ना, आमी पन भांगच बोलतो, अष्टमीला पान्याला ओढ नसते, डोलीला म्हावरा कमी लागतो, उधानाला या मग बघा." (भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची कमी भरती, उधाण म्हणजे अमावस्या-पौर्णिमेची मोठी, डोल हे मासेमारीचं जाळं आणि म्हावरा म्हणजे मासे.) मी आपली चंद्र-सूर्य काटकोनात वगैरे फळ्यावर काढत बसले होते आणि इथे अख्खा धडा एका मिनिटात! दुसऱ्या दिवशी ती नोट वर्गात ऐकवली, अर्थात त्यांना विचारून. त्यानंतर मी दर धड्याला बघते की कुणाच्या घरी हा विषय आधीच राहतोय. बेस्टवर ड्रायव्हर असलेले बाबा, एपीएमसीत कांद्याच्या गाळ्यावर काम करणारे काका, यांना सरळ विचारायचं, "तुमच्याकडे माल कुठून कुठून येतो ते मुलाला नकाशावर दाखवाल का?" मुंबईत अर्ध्या लोकांचं गाव वेगळं असतं, त्यामुळे मृदा, पाऊस, शेती सगळं घरात मिळतं.

पावसाळ्यात तर काम अजून सोपं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांचा साठा रोज बातम्यांत येतोच. मी जूनमध्ये एकदा सातही नावं पाठवते, अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी, आणि सांगते की घरच्या कॅलेंडरवर दर रविवारी आकडा लिहा. विहार आणि तुळशी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात, बाकीचं पाणी पार शहापूर-इगतपुरीकडून येतं हे ऐकून मोठी माणसंच जास्त चाट पडतात.

आता क्षेत्रभेट. इथे मेसेज चुकला तर काय होतं ते माझ्याकडून ऐका. गिल्बर्ट हिल बघायला जायचं होतं, अंधेरीतला तो काळ्या बेसॉल्टचा उभा खांबांचा सुळका, साधारण 6 कोटी 60 लाख वर्षं जुना, 200 फूट उंच. मी लिहिलं, "रविवारी सकाळी 7.30, अंधेरी स्टेशनबाहेर." बस्स. निम्मी पोरं वेस्टला, निम्मी ईस्टला, आणि मी भूगोलाची शिक्षिका! एक बाबा शांतपणे म्हणाले, "मॅडम, दिशा राहिली." तेव्हापासून क्षेत्रभेटीच्या मेसेजात ठरलेल्या गोष्टी: ईस्ट की वेस्ट, कुठल्या पुलाखाली, परतायची वेळ, पैसे किती, डबा-पाणी, छत्री, आणि तिथे मूल काय बघणार ते एका वाक्यात. ते एक वाक्य नसेल तर पालकांना ती पिकनिकच वाटते आणि मग "ताप आहे, नाही पाठवत" सुरू.

दहावीच्या पालकांना मात्र जूनमध्येच बसवून सांगा की भूगोलाचं पुस्तक भारत आणि ब्राझील असं तुलना करत जातं, नाहीतर ऑगस्टपर्यंत "ब्राझील कशाला शिकवता" हाच प्रश्न येत राहतो. पेपर 40 मार्कांचा. पुस्तक हरवलं तरी बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट मिळतं हेही सांगा, बऱ्याच जणांना माहीत नसतं. आणि नकाशा! मुलं नकाशा छान रंगवतात आणि सूची द्यायला विसरतात. हे पालकांना शब्दांत सांगून कळत नाही, मी दोन फोटो पाठवते, एक सूचीवाला, एक बिनसूचीचा, खाली फक्त "फरक ओळखा". चुकीचा नकाशा मी स्वतः काढलेला असतो, कुठल्या मुलाचा नाही. मार्क पण ग्रुपवर कधीच नाही, ते ज्याचे त्याला पर्सनलवर.

बाकी किरकोळ. आठवड्यात एकच मेसेज, रात्री साडेआठ-नऊच्या आसपास, लोकलमधून घरी आलेला माणूस तेव्हाच फोन बघतो. पाच ओळींच्या वर गेलात तर कुणी वाचत नाही, पीडीएफ तर कुणी उघडतच नाही. ज्यांना वाचायला जमत नाही त्यांच्यासाठी तेच एक मिनिटाच्या व्हॉइस नोटमध्ये बोला. ज्यांच्याकडे फोन नाही किंवा फोन बाबांबरोबर नाइट शिफ्टला जातो, त्यांच्यासाठी डायरीत तीच ओळ मुलाकडूनच लिहून घ्या.

सुट्टी लागायच्या आधीचा मेसेज माझा सगळ्यात आवडता. मुंबईत साधारण 15 मेला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावली, दुपारी 12.35 च्या सुमारास. बाराला का नाही, तर आपलं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावर चालतं आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला, म्हणून सुमारे 39 मिनिटांचा फरक, त्यातली काही मिनिटं मे महिन्यात सूर्यच भरून काढतो. जुलैच्या शेवटी परत तसा दिवस येतो पण तेव्हा ढग, सूर्य दिसला तर नशीब. म्हणून एप्रिलमध्येच लिहून ठेवते, "गावाला गेलात तर दक्षिणेला तारीख आधी येते, एक बाटली उभी करा आणि फोटो पाठवा."

मागच्या वर्षी पहिला फोटो आला मालवणहून, मेच्या पहिल्याच आठवड्यात. खळ्यात पाण्याची बाटली, सावली कुठेच नाही, बाजूला सुपात वाळत घातलेले आमसूल आणि फोटो काढणाऱ्या आजोबांचा अंगठा. खाली लिहिलं होतं, "साडेबारा वाजता काढला, पोरगा आत झोपलाय."