बाग हाती घेताय? आधी नळाची किल्ली कुणाकडे ते ठरवा

बेळगावातल्या शहापुरात आमच्या गल्लीमागं एक ओसाड पडलेली बाग होती. पहिल्या पावसाळ्यात आम्ही बायकांनी तिथं चाळीस रोपं लावली. होळीपर्यंत सहा जगली. बेळगावात पाऊस चार महिने नुसता झोडपतो, त्यामुळं उन्हाळा कुणाच्या डोक्यातच नव्हता. म्हणून सांगते, रोपं आणण्याआधी पाण्याचं बघा. आवारात जुनी विहीर असेल तर आधी तिचा गाळ काढून घ्या. टिळकवाडीतली १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली विहीर आजही आहे.

महापालिका आयुक्तांच्या नावानं अर्ज द्या, कन्नडमधून. आमचा शेजारच्या कन्नड काकूंनी लिहून दिला, आणि पुढं त्याच सगळ्यांआधी झाडू घेऊन यायला लागल्या. उद्यानं आणि मैदानं राखण्यासाठी कर्नाटकात १९८५ चा कायदा आहे, त्याचा उल्लेख करा. खालच्या फांद्या छाटून देण्याची मागणीही त्यातच घाला. रस्त्यावरून बाक दिसला की बाटल्या घेऊन बसणारे टिकत नाहीत. पोच घेतल्याशिवाय मात्र हलू नका.

काँग्रेस गवत फुलावर येण्याआधी, माती ओली असताना, मुळासकट उपटा. नुसतं कापलं तर परत फुटतं. हातमोजे घाला, नाकाला पदर बांधा, नाहीतर अंगाला खाज सुटते.

खड्डे मे महिन्यातच काढा, दोन फूट लांब, रुंद आणि खोल, आणि उन्हात तापू द्या. मृगाचा पाऊस झाला की तांबड्या मातीत शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळून भरा. करंज, बकुळ, कडुनिंब लावा. जिथं पोरं खेळतात तिथं गुलमोहर नकोच, वाऱ्यात त्याच्या फांद्या मोडतात.

आता उन्हाळ्याचं. तळाला भोक पाडलेलं मडकं रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरा आणि भोकात सुताची वात घट्ट बसवा. आमच्याकडं विणकरांच्या घरी उरलेलं सूत मिळतं, त्याच्याच वाती केल्या. वर झाकण ठेवायचं, पाणी संपत आलं की भरायचं. वात सैल बसली तर मडकं रात्रीत रिकामं होतं, म्हणून पहिले दोन दिवस सकाळी उठून हात घालून बघा. असे निदान दोन उन्हाळे काढावे लागतात.

नळाची किल्ली एका घरात ठेवली की ते कुटुंब गावाला गेलं की सगळं अडतं. आमची कोपऱ्यावरच्या दूधवाल्याकडं खिळ्याला असते, त्याचं दुकान पहाटे पाचला उघडतं.